राऊळाचा मूळ दगड



आजचा विषय राऊळाचा आहे. वारकरीहो, आपण देव पाहतो, देऊळ पाहत नाही. जन्मभर पंढरीची वारी केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याबुवांना विचारून पाहा, “बुवा, सोळखांबीत खांब किती?” बुवा म्हणतील, “सोळा.” “मोजले का कधी?” “अहो, नावच सोळखांबी, मोजायचे कशाला?” यात बुवांचा दोष नाही. बारीत तासन् तास उभे राहून पाय थकलेले असतात, डोळ्यांना फक्त ते दोन चरण दिसत असतात, आणि चरणांवर डोके टेकले न टेकले तोच मागच्याची पाळी आलेली असते. अशा वेळी तुळई पाहा, खांबावरची वेलबुट्टी पाहा, असे सांगणारा अरसिकच ठरेल. परंतु घरी परतल्यावर, शांतपणे बसून, ज्या घरात आपला मायबाप उभा आहे त्या घराची चौकशी लेकराने करावी की नाही? करावी, असे आम्ही म्हणतो. आणि ती आजच का करावी, तेही सांगतो.

आमचे तळवडे हे देहू आणि आळंदी यांच्या वाटेवरचे गाव. एका हाताला तुकोबाराय, दुसऱ्या हाताला माउली. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. जिथे ज्वारी डोलत होती तिथे कारखाने आले, संगणकाच्या कंपन्या आल्या. इकडे चिखली, पलीकडे चाकण, सर्वत्र जमिनीला मोल आले. पैसा आला की माणूस आधी स्वतःचे घर बांधतो, मग देवाचे. हे चांगलेच आहे. गावोगाव जीर्णोद्धाराच्या समित्या झाल्या. आम्हांला कलशारोहणाच्या कीर्तनाची आमंत्रणे येतात, आणि आम्ही आनंदाने जातो. पण जातो तिथे काय पाहतो? जुन्या काळ्या पाषाणाच्या देवळाच्या जागी सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना न्हाणीघरात शोभावी अशी टाइल, शिखराला सात रंगांचे तैलरंग. आणि देवळाचे जुने खांब? ते पारापाशी आडवे पडलेले. त्यांवर बसून पोरे मोबाइल पाहतात.

अशाच एका गावी काल्याचे कीर्तन झाल्यावर मंडळींनी आमच्यापुढे नकाशा ठेवला. देऊळ जुने, बुटके, दगडी. नकाशातले उंच, चकचकीत. तरुण म्हणाले, “महाराज, आशीर्वाद द्या, पुढच्या महिन्यात जुने उतरवतो.” एक म्हातारी कोपऱ्यात बसली होती. ती एवढेच म्हणाली, “माझ्या सासऱ्याचा सासरा याच उंबऱ्याला पाया पडला हो.” तरुण हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पण उत्तर कोणालाच सुचेना. आम्ही म्हणालो, “नकाशा गुंडाळून ठेवा. आधी पंढरीला जा, आणि या वेळी देवाबरोबर देऊळही पाहून या.” त्या मंडळींना जे पाहायला सांगितले तेच आज या पानांवर मांडतो.

आधी राऊळाचे वय पाहू.

पंढरीच्या वास्तूची पायाभरणी कोणी केली? कोणत्या राजाने? राजा नंतर आला. पुंडलिकाने मायबापांचे पाय चेपता चेपता मागे एक वीट फेकली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. त्या वेळी वर छप्पर होते असे कोणतीही कथा सांगत नाही. म्हणजे पंढरीच्या राऊळाचा पहिला चिरा म्हणजे ती एक वीट. भिंती, मंडप, शिखर हा सगळा पुढचा विस्तार. ज्याला देऊळ बांधायचे आहे त्याने ही गोष्ट आधी गाठीस बांधावी. तिथे सेवा आधी झाली, घर मागाहून आले.

आता कथेकडून शिलालेखांकडे वळू. पंढरपुरात शके ११११, म्हणजे इसवी सन ११८९ चा एक लेख आहे. तो भिल्लम यादवाच्या काळातला. त्यात विठ्ठलाचे एक लहान देऊळ उभे राहिल्याची नोंद आहे. लहान, बरं का! आज ज्याच्या कळसाला लाखो माणसे लांबूनच हात जोडतात, त्याची लेखी सुरुवात ‘लहान’ या शब्दाने होते. पुढे शके ११५९, म्हणजे १२३७ चा लेख सोळखांबीतील तुळईवर आहे. होयसळ राजा सोमेश्वर कानडी मुलुखातून आला, भीमेच्या काठी त्याचा तळ पडला, आणि त्याने देवाच्या पूजा-उपचारांसाठी एका गावाचे दान दिले. त्या लेखात या क्षेत्राला ‘पंडरंगे’ असे नाव आहे. म्हणजे माउलींचा जन्म होण्यापूर्वीच, पंढरीच्या देवासाठी कानडी राजा आपली तिजोरी उघडीत होता.

तिसरा लेख सर्वांत प्रसिद्ध. तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात कोरला गेला. यालाच आपण चौऱ्यांशीची शिळा म्हणतो. वारकरी या शिळेला पाठ घासतात, कशासाठी? तर चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून. आणि त्या शिळेवर आहे काय? मंत्र? स्तोत्र? नव्हे. ती आहे वर्गणीची यादी! राजा रामदेवराव यादव, त्याचा करणाधिप हेमाद्रिपंडित, आणि त्यांच्याबरोबर इतर दात्यांची नावे व त्यांनी दिलेले दान. सव्वासातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठीत लिहिलेला देवस्थानाचा जमाखर्चच म्हणा ना.

सज्जनहो, आता गंमत पाहा, आणि गमतीतले दुःखही पाहा. पिढ्यान्पिढ्या पाठी घासून त्या शिळेची अक्षरे झिजली. आम्ही फेरा चुकवायला गेलो, आणि ज्या पूर्वजांनी हे राऊळ उभे केले त्यांचीच नावे पाठीने पुसून आलो! भाव खरा होता, यात शंका नाही. पण भावाला माहितीची जोड नसली म्हणजे भाव सुद्धा दगड झिजवतो. हे एक वाक्य ध्यानात असू द्या, पुढे याचे काम पडणार आहे.

तात्पर्य, बाराव्या शतकाच्या अखेरीस लहान देऊळ, तेराव्यात त्याचा मोठा विस्तार, ही झाली पूर्वपीठिका. पण आज दिसते ते सगळे राऊळ त्या काळचे आहे काय? नाही. स्वाऱ्या आल्या, धामधूम झाली, पडझड झाली, पुन्हा बांधले गेले. आज उभ्या असलेल्या इमारतीचा बराच भाग सतराव्या-अठराव्या शतकांतला, मराठ्यांच्या राजवटीतला, असे जाणकार मानतात. जुने खांब नव्या मंडपात उभे राहिले, जुन्या तुळया नव्या भिंतींवर टेकल्या. हे राऊळ म्हणजे आजीच्या गोधडीसारखे आहे. एकेक तुकडा एकेका पिढीच्या धडुत्याचा, पण ऊब एकच.

आता आत चला. घाई करू नका. आज मागून लोटणारे कोणी नाही.

राऊळ पूर्वाभिमुख आहे. पूर्वेचे महाद्वार ते नामदेवदरवाजा. पहिल्याच पायरीशी थांबा. ही नामदेवरायांची पायरी. संतांचे पाय मस्तकी लागावेत म्हणून १३५० साली त्यांनी इथे समाधी घेतली अशी आपली परंपरा. शिल्पशास्त्रात देवळाचे शिखर सर्वांत मानाचे. आमच्या संप्रदायाने मान कुठे ठेवला? पायरीवर! कळसाला हात कोणाचा लागतो? पण पायरीला सर्वांचे पाय लागतात.

आणि त्या पायरीच्या समोर चोखोबांची समाधी. इथे जरा अधिक थांबले पाहिजे. चोखोबा कसे गेले? १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू होते. चोखोबा तिथे मजुरीवर होते. भिंत कोसळली, आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण सांगतात. त्या अस्थी आणून महाद्वारी ठेवल्या. महाद्वारी, आत नव्हे. वारकरीहो, देवळांचा इतिहास सांगताना आपण राजांची नावे सांगतो, प्रधानांची सांगतो. पण चिरा उचलणारा, चुना मळणारा, भिंतीखाली मरणारा कोण होता? ज्याचे हात भिंतीला लागत होते, त्याला दारातून आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. राऊळाच्या रचनेतली ही सर्वांत मोठी भेग. ती चुन्याने भरणारी नव्हती.

ती भरायला किती काळ लागला? चोखोबांच्या मागे सहाशे नऊ वर्षे! १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण आरंभले. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे एवढेच मागणे. दहा मे रोजी उपोषण सुटले आणि त्याच वर्षी दार उघडले. आम्ही असे समजतो की पंढरीच्या राऊळाचा खरा जीर्णोद्धार १९४७ साली झाला, आणि त्या वेळी एकही दगड हलवावा लागला नाही. ‘जीर्ण’ काय झाले होते? मन. ‘उद्धार’ कोणाचा झाला? आत गेलेल्यांचा झालाच, पण त्याहून अधिक, आधीपासून आत उभे असलेल्यांचा झाला.

असो. पायऱ्या चढून आत या. मुक्तिमंडपातून पुढे मोकळे अंगण लागते. तिथे दीपमाळा आहेत, गरुड व मारुती हात जोडून आहेत. मग सोळखांबी. खांब पाहा. खाली चौकोनी, मध्ये कुठे अष्टकोनी, कुठे गोल, वर शीर्षे, शीर्षांवर आडव्या तुळया, आणि तुळयांवर छत. पूर्वीच्या पाथरवटांनी असे खांब लोखंडाशिवाय, पुष्कळदा चुन्याशिवायही उभे केले. दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याला खुंटी काढायची, एकमेकांत बसवायचे आणि भाराने भार आवळायचा. या पद्धतीला लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. परंतु ती हेमाद्रिपंडिताने शोधून काढली असे नव्हे. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे. ते हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे, आणि बांधणी हीच. नाव एकाचे झाले, काम अनेकांचे होते.

याच मंडपात गरुडखांब आहे. त्याला मिठी मारल्याशिवाय वारकरी पुढे जात नाही. शास्त्रात खांबाचे काम भार पेलण्याचे. पंढरीत खांबाला आलिंगनही द्यावे लागते. देवाची मिठी मिळेल न मिळेल, आधी भार वाहणाऱ्याला मिठी द्यावी, असा आम्ही त्याचा भाव घेतो. पुढे चौखांबी, तिच्या बाजूला देवाचे शेजघर, आणि मग लहानसे अंतराळ व गाभारा. जसजसे आत जावे तसतशी जागा लहान होत जाते, उजेड कमी होत जातो, आवाज मावळत जातो. संस्कृतात या खोलीला ‘गर्भगृह’ म्हणतात. गर्भात उजेड नसतो, खिडकी नसते, पण जीव तिथेच आकार घेतो. म्हणून जुन्यांनी गाभारा अंधारा ठेवला. समईच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढेच दिसावे. आता कोणी त्यात झगमगते दिवे लावून, पांढऱ्या टाइला बसवून ‘उजेड केला’ म्हणत असेल, तर त्याला वास्तूचे मर्मच कळले नाही म्हणावे लागते.

इथे कोणी पूर्वपक्ष करील : “महाराज, देव भावाचा भुकेला. संतांनीच सांगितले की देव चराचरी आहे. मग दगडाचे एवढे कौतुक कशाला? जुना असो, नवा असो, टाइल असो, काय बिघडते?”

प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी जरा लांब, तुंगभद्रेच्या काठी हंपीस जाऊ. तिथेही विठ्ठलाचे राऊळ आहे, विजयनगरच्या राजांनी बांधलेले. त्याच्या अंगणातला दगडी रथ आपल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेला आहे, खिशातून काढून पाहा. तिथल्या खांबांवर बोटाने वाजवले तर सूर निघतात. कृष्णदेवरायासारख्या चक्रवर्तीने त्या राऊळात भर घातली. आपली परंपरा सांगते की पंढरीचा देव त्या नगरात नेला होता, आणि नाथमहाराजांचे पणजे भानुदासमहाराज यांनी त्याला परत आणले. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर पडले. आज जगभरचे लोक ते राऊळ पाहायला येतात, १९८६ पासून हंपीची गणना जागतिक वारशात होते. कारागिरी अशी की डोळे फिटावेत. पण गाभारा रिकामा. काकडा नाही, हरिपाठ नाही, शेजारती नाही.

पंढरीचे राऊळ त्या मानाने ठिगळांचे, दाटीवाटीचे. पण काकडा होतो. म्हणजे पूर्वपक्षाचे अर्धे बोलणे खरे : भाव नसेल तर कारागिरीला पूजा मिळत नाही. पण म्हणून उरलेले अर्धे खरे होत नाही. भाव आहे म्हणून दगड कसाही वापरावा असे नव्हे. आई प्रेमळ आहे म्हणून तिचे घर गळू द्यायचे का? उलट जिथे आई राहते तिथे कौलाची काळजी अधिक. हंपीचे रिकामे राऊळ जपायला सरकार आहे. पंढरीचे नांदते राऊळ जपायची जबाबदारी नांदणाऱ्यांचीही आहे.

आणि ती जबाबदारी काय असते हे २०२४ साली प्रत्यक्ष दिसले. त्या वर्षी १५ मार्चपासून चरणस्पर्श-दर्शन थांबवून, सकाळचे काही तास मुखदर्शन चालू ठेवून, पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली राऊळाचे जतनकाम झाले. २ जूनला पुन्हा चरणस्पर्श सुरू झाला. या अडीच महिन्यांत काय केले? नवे काय बसवले हे विचारू नका, काढले काय ते विचारा. गेल्या काही दशकांत गाभाऱ्यात व भोवती चढत गेलेल्या गुळगुळीत फरशा काढल्या, ग्रॅनाइट काढला, रंगांचे लेप काढले, आणि खालचा मूळ काळा पाषाण उघडा झाला. अनेक जुन्या वारकऱ्यांनी तेव्हा प्रथमच गाभाऱ्याची खरी भिंत पाहिली. जन्मभर दर्शन घेतले, पण भिंतीचे दर्शन शेवटी झाले!

काम चालू असताना, मे महिन्याच्या अखेरीस, फरशीखाली एक तळघर लागले. त्यातून विष्णूच्या मूर्ती निघाल्या, महिषासुरमर्दिनीची मूर्ती निघाली, पादुका निघाल्या. कोणा पूर्वजाने संकटाच्या काळी त्या तिथे ठेवल्या असतील असा तर्क झाला. तर्क तर्कच, पण पंढरीला असे प्रसंग नवे नाहीत. सतराव्या शतकाच्या शेवटी, मोगली फौजांच्या धामधुमीत, विठ्ठलाची मूर्तीच देगावला नेऊन सांभाळली होती. ज्यांनी ती सांभाळली ते शिल्पकार नव्हते, राजेही नव्हते. आपल्याला सांभाळायला दिलेली वस्तू जशीच्या तशी पुढच्याच्या हाती द्यायची, एवढे त्यांना ठाऊक होते. जीर्णोद्धाराचा सगळा सिद्धान्त एवढाच आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी स्वतंत्रपणे सांगितला आहे. पूर्वजांना तो नव्या प्रतिष्ठेइतकाच गंभीर वाटे. जीर्ण झालेल्याला वर उचलणे, धरणे, तोलणे हा उद्धार. पाडणे याला उद्धार म्हणत नाहीत.

आता दगडाचे शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण माहितीशिवाय भाव दगड झिजवतो हे आपण वर पाहिले. दगडाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यात भिंत ओल धरते, उन्हाळ्यात ती सोडते. हा तिचा श्वासच समजा. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो. सिमेंट, टाइल आणि तैलरंग ती वाट बंद करतात. मग ओल आत कोंडते, क्षार फुलतात, लोणा लागतो, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरून भिंत चकचकीत, आतून पोखरलेली. वर्षे लोटली की टाइल निखळते, आणि तिच्याबरोबर दगडाची सालही निघून येते. मूर्तीचेही तसेच. दूध, दही, मध यांचे अभिषेक आणि लाखो हातांचे स्पर्श यांनी पाषाण झिजतो. म्हणून २०२० च्या जूनमध्ये तज्ज्ञांकडून विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना लेप द्यावा लागला. आपल्या हाताला देवाचा स्पर्श हवा असतो, पण आपल्या नातवंडांच्या हातालाही तो मिळायला हवा.

“मग महाराज, नंतर आलेले सगळेच काढून टाकायचे का?” हा दुसरा पूर्वपक्ष. तसे नव्हे. नामदेवरायांची पायरी पहिल्या लहान देवळाच्या नंतरचीच. चोखोबांची समाधी नंतरची. दक्षिणेकडचे कान्होपात्रेचे तरटीचे झाड कोणत्या शिल्पकाराच्या नकाशात होते? ते सगळे राहिले आणि राहावेच, कारण त्यांनी राऊळाला अर्थ दिला. फरशीने काय दिले? फक्त मूळ दगड झाकला. हाच नीरक्षीरविवेक. जे धरून ठेवते ते ठेवावे, जे झाकून टाकते ते उतरवावे. फरशी देणाऱ्याचा भाव खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने प्रेमानेच दिली. पण आईला थंडी वाजत नसताना लेकाने तिच्या अंगावर दहा घोंगड्या घातल्या तर प्रेमानेच ती गुदमरेल!

इथपर्यंत आलो म्हणजे उत्तररंग आपोआप आला. बाबांनो, हा देह सुद्धा राऊळच म्हणून सांगितला आहे. शिल्पशास्त्रातही देवळाचे भाग देहावरूनच बोलतात : पाद, जंघा, स्कंध, ग्रीवा, शिखा. आत गाभारा, गाभाऱ्यात तो. तो मुळात आहेच, आणायचा नाही. मग दिसत का नाही? आपण वर थर चढवले म्हणून. पहिला थर जातीचा, दुसरा पैशाचा, तिसरा ‘मी एवढ्या वाऱ्या केल्या’ याचा. शेवटचा थर सर्वांत गुळगुळीत, त्यामुळे त्यावरून पाय सर्वांत लवकर घसरतो. साधन म्हणजे नवे काही बसवणे नव्हे. नामाने, सेवेने, संतसंगतीने एकेक लेप हलक्या हाताने उतरवणे. पंढरीत कामगार ब्रश आणि पाणी घेऊन इंच इंच दगड मोकळा करीत होते. घणाचा घाव घातला नाही. मनाचेही तसेच. घाईने खरवडाल तर मूळ दगडालाच ओरखडा पडेल.

आता आमच्या पट्ट्यातल्या गावकऱ्यांना हात जोडून काही सांगणे आहे. देऊळ गळत असेल तर गळती थांबवा, पण आधी जाणकाराला दाखवा. पुरातत्त्व विभागाच्या माणसांना विचारायला संकोच कसला? काम काढण्यापूर्वी सगळ्या बाजूंची छायाचित्रे घ्या, मापे लिहून ठेवा. कोरीव दगडावर तैलरंग चढवू नका, आणि चढलेला रंग काढायला वाळूचा मारा करू नका. दोन्हींत दगड मरतो. दर्जे बुजवायचे तर चुन्याने बुजवा. कीर्तनाला जागा पुरत नसेल तर सभामंडप जरूर बांधा, पण जुन्या भिंतीपासून वेगळा, तिच्यावर भार न टाकता. अंगणातले वीरगळ आणि सतीशिळा या कोणाच्या तरी पूर्वजांच्या खुणा आहेत. त्या पायरीला किंवा गटारीच्या झाकणाला वापरू नका, एका ओळीत सावलीला उभ्या करा. आणि देणगीदारांची नावे लिहायची तर एका शिळेवर लिहा. राजा रामदेवराव आणि हेमाद्रिपंडित यांची नावे इतरांबरोबर एकाच यादीत मावली. आपल्याला पंख्याच्या पात्यावर, घंटेच्या साखळीवर आणि पाण्याच्या टाकीवर वेगवेगळे नाव कशाला हवे?

सर्वांत शेवटचे, पण पहिल्याइतकेच महत्त्वाचे. दुरुस्ती झाल्यावर देऊळ कितीही सुंदर दिसो, गावातला एक जरी माणूस दाराबाहेर अवघडून उभा राहत असेल, तर ते काम अपुरे समजा. मंगळवेढ्याची भिंत विसरू नका.

ज्या गावी नकाशा गुंडाळून ठेवला, तिथली मंडळी कार्तिकीला पंढरीस जाऊन आली. आता गावची बैठक व्हायची आहे. जुने देऊळ राहील की जाईल, हे त्यांच्या हाती. पण परतल्यावर त्यांतल्या एकाने आम्हांला फोन केला आणि म्हणाला, “महाराज, खांब मोजले.”

आम्हांला एवढे पुरे आहे. पुढच्या वारीला जाल तेव्हा तुम्हीही मोजा. मोजताना एखाद्या खांबावर हात टेकेल, आणि ज्याने तो कोरला, ज्याने तो उचलला, ज्याला तो कधी आतून पाहता आला नाही, त्या सर्वांची आठवण तळहाताला होईल. मग समचरणी डोके टेका. तो दगड आणि ते चरण एकाच काळ्या पाषाणाचे आहेत असे वाटले, तर राऊळाचे दर्शन घडले असे समजा.

राम कृष्ण हरि.